बंधारा मोजला, पाणी कोण मोजणार?

मृद् व जलसंधारणाच्या योजनांवर देखरेख कोणी करावी हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. विज्ञानाच्या मासिकात त्याचे काय काम, असेही कोणी विचारील. परंतु देखरेख म्हणजे अखेर मोजमाप. काय मोजायचे, केव्हा मोजायचे, कशाशी ताडून पाहायचे आणि आकडे अपेक्षेविरुद्ध गेले तर आपले मत बदलायचे की नाही, हे सगळे प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेत जसे पडतात तसेच ओढ्यावरच्या बंधाऱ्यापाशीही पडतात. त्यांची उत्तरे चुकली तर कोट्यवधी रुपये खर्च होऊनही गावाला पाणी मिळाले की नाही हे कळत नाही. म्हणून या देखरेखीची तपासणी विज्ञानाच्या कसोटीवर करून पाहू. उदाहरणासाठी गाव घेऊ कोल्हापूर शहराला लागून असलेले, करवीर तालुक्यातील उचगाव. जलसंधारण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघडे डोंगर आणि दुष्काळी गाव येते. उचगाव तसे नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे. नेहमीची मोजपट्टी कुठे अपुरी पडते ते अशा गावात लवकर दिसते.

कायद्याने दिलेले काम

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यांतला दुसरा विषय जमीन सुधारणा व मृद्संधारणाचा आणि तिसरा लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन व पाणलोट विकासाचा. शेतीच्या पहिल्या विषयानंतर लगेच माती आणि पाणी येते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००३ च्या 'हरियाली' मार्गदर्शक सूचनांनी केंद्राच्या पाणलोट योजना ग्रामपंचायतींच्या हाती दिल्या. २००८ च्या सामाईक सूचनांनी ग्रामसभेने नेमलेल्या पाणलोट समितीकडे काम सोपवले.

प्रत्यक्षात गावाच्या शिवारात काम करणारी खाती अनेक आहेत. बांधबंदिस्ती कृषी विभागाची, छोटे बंधारे जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या लघुपाटबंधारे यंत्रणेचे, डोंगरावरचे चर वनविभागाचे, भूजलाची नोंद भूजल सर्वेक्षण यंत्रणेची. प्रत्येक खात्याचा अभियंता वेगळा, मोजमाप पुस्तिका वेगळी आणि वरिष्ठही वेगळे. ग्रामपंचायतीकडे येतो तो बहुधा ठरावाचा मसुदा आणि काम पूर्ण झाल्याचा कागद.

मोजमाप पुस्तिकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. किती घनमीटर खोदाई झाली, किती दगड लागला, सिमेंटचे प्रमाण काय, हे तपासले नाही तर चोरी होते. परंतु ही पुस्तिका ठेकेदाराचे देयक ठरवण्यासाठी आहे. बांधकाम झाले की तिचे काम संपते. पाण्याचे काम मात्र त्यानंतर सुरू होते.

जलयुक्त शिवारचा धडा

महाराष्ट्रातील अलीकडचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे जलयुक्त शिवार अभियान. डिसेंबर २०१४ मध्ये ते सुरू झाले. दरवर्षी ५,००० गावे या हिशेबाने २०१९ पर्यंत २५,००० गावे टंचाईमुक्त करायची, असे उद्दिष्ट होते. त्याची एक गोष्ट मनापासून आवडण्यासारखी होती. प्रत्येक गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा, आराखडा करावा आणि ग्रामसभेने तो मंजूर करावा, अशी अपेक्षा त्यात होती. गरज किती, उपलब्ध पाणी किती आणि तूट किती, हे लेखी मांडण्याची सवय गावाला लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

देखरेखीच्या पायरीवर मात्र ग्रामसभा मागे पडली. तालुका समितीचे अध्यक्ष उपविभागीय अधिकारी आणि जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी होते. आराखडा गावाचा आणि हिशेब अधिकाऱ्यांचा, अशी विभागणी झाली.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या अभियानावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले होते. तपासणीसाठी निवडलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा आराखड्यातील पिण्याची व शेतीची गरज भागवण्यास अपुरा आढळला. कामे झालेल्या गावांत लागणाऱ्या टँकरची संख्या २०१७ मधील ३,३६८ वरून २०१९ मध्ये ६७,९४८ वर गेल्याचेही अहवालाने नोंदवले. देखभाल-दुरुस्तीसाठी बहुतेक ग्रामपंचायतींनी पाणीपट्टी बसवली नव्हती आणि शासनाने त्यासाठी अनुदानही दिले नव्हते.

हे आकडे वाचून 'योजना फसली' असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. २०१८ मध्ये पाऊस कमी झाला आणि त्या ऑक्टोबरात राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. मग २०१९ च्या उन्हाळ्यात टँकर वाढले ते बंधारे निकामी होते म्हणून, की पाऊसच नव्हता म्हणून? नुसत्या टँकरच्या संख्येवरून याचे उत्तर देता येत नाही. त्याच तालुक्यातील, तेवढाच पाऊस झालेल्या, पण कामे न झालेल्या गावांशी तुलना केली तरच काही म्हणता येईल. योजनेची भलावण करणाऱ्यांनी चांगल्या पावसाच्या वर्षी भरलेले बंधारे दाखवावेत आणि टीकाकारांनी दुष्काळातले टँकर दाखवावेत, यात दोघांचीही पद्धत एकच आहे. दोघेही पावसाचा परिणाम बंधाऱ्याच्या नावावर मांडतात.

मोजपट्टीतील तीन दोष

पहिला दोष छायाचित्राचा. 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली जातात. पहिले मे महिन्यातले आणि दुसरे सप्टेंबरातले असते. पहिल्यात कोरडा ओढा दिसतो, दुसऱ्यात काठोकाठ पाणी. पण बंधारा नसता तरी सप्टेंबरात ओढ्याला पाणी असतेच. दोन्ही छायाचित्रे मे महिन्यातली, आणि शक्य तर सारख्या पावसाच्या दोन वर्षांतली असतील, तेव्हाच ती पुरावा ठरतात. सातवीतल्या मुलांना दोन कुंड्यांचा प्रयोग देताना आपण बजावतो की एकच गोष्ट बदला, बाकी सर्व सारखे ठेवा. तो नियम सरकारी फलकालाही लागू आहे.

दुसरा दोष क्षमतेला पाणी समजण्याचा. एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आणि पाऊस वर्षाला १,००० मिलिमीटर आहे, असे धरू. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. तेव्हा एकूण पाऊस झाला १० लाख घनमीटर, म्हणजेच १,००० सहस्र घनमीटर. यातला चौथा हिस्सा ओढ्यातून वाहिला, तर ओढ्याचे वर्षाचे पाणी २५० सहस्र घनमीटर. आता या ओढ्यावर एकाखाली एक असे पाच बंधारे बांधले, प्रत्येकाची क्षमता २० सहस्र घनमीटर. प्रत्येक बंधारा हंगामात तीनदा भरेल असे गृहीत धरले की अहवालात ५ × २० × ३ म्हणजे ३०० सहस्र घनमीटर साठा 'निर्माण' होतो. ओढ्यात मुळात वाहिलेले पाणी २५०! वरच्या बंधाऱ्याने अडवलेले पाणी खालच्याला मिळत नाही, आणि वरच्यातून मुरलेले पाणी खालच्या विहिरीत आले तर तेच पाणी दोनदा मोजले जाते. आराखडा मंजूर करताना ग्रामसभेत कोणी एवढी बेरीज केली तरी पुष्कळ काम होईल.

तिसरा दोष नोंद थांबण्याचा. याला कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. साऱ्या महाराष्ट्रात ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात, त्याची खुबी त्याच्या दगडी खांबांत जेवढी आहे तेवढीच बरग्यांत आहे. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस सरता सरता ते बसवायचे, म्हणजे शेवटचे वाहते पाणी अडते. बरगे पंधरा दिवस उशिरा बसले तर तेवढे पाणी गेलेच. ते लवकर बसले आणि परतीच्या पावसाचा लोंढा आला तर काठ खचतो. बरगे कुजले वा चोरीला गेले तर खांब नुसतेच उभे राहतात. बंधारा बांधल्याची नोंद कागदावर कायम राहते. बरगे कोणत्या तारखेला बसले, फटीतून किती गळती झाली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, ही नोंद ठेवणारा रकाना पूर्णत्वाच्या दाखल्यात नसतो. खरी देखरेख या रकान्याची आहे, आणि ती मुंबईहून किंवा पुण्याहून होऊ शकत नाही. तिला गावातलाच माणूस लागतो.

उचगावला हा साचा का बसत नाही?

कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावड्यात तो याच्या कित्येक पट, तर पूर्वेला शिरोळकडे बराच कमी. उचगाव पंचगंगेच्या खोऱ्यात आहे. एका बाजूला पुणे–बंगळूर महामार्ग, शेजारी गांधीनगरची मोठी कापडपेठ आणि पलीकडे शहर. अशा गावात शेतजमिनीचे भूखंड होत जातात आणि ओढ्याचे गटार होत जाते.

येथे जमिनीचे संधारण म्हणजे काय? नदीखोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. अशा जमिनीत समपातळीचे बांध घातले तर पाणी तुंबून पीक कुजते, म्हणून तेथे ढाळीचे बांध सांगितले जातात. बारमाही उसाला पाटाने भरमसाट पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की भूजल वर चढते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि जमीन पाणथळ व क्षारपड होते. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. शिरोळ तालुक्यात अशा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून, क्षारयुक्त पाणी बाहेर काढून ती पुन्हा लागवडीखाली आणण्याचे काम मोठ्या क्षेत्रावर झाले आहे.

म्हणजे येथे मातीचे संधारण करायचे तर पाणी काढून द्यावे लागते. आणि 'किती सहस्र घनमीटर पाणी अडवले' या एकाच रकान्याने हिशेब ठेवला, तर या कामाला शून्य गुण मिळतात. निचऱ्याचे पाणी एका शेतातून दुसऱ्याच्या शेताकडे, तेथून चरात आणि शेवटी ओढ्यात जाते. ओढाच बुजला, वळवला किंवा त्यावर बांधकाम झाले, तर वरच्या सगळ्या नळ्या निरुपयोगी. शिवाय पुराचे पाणी जायलाही तोच मार्ग असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर गेले. नदीचा पूर ओढ्यांमुळे येत नाही, पण साचलेले पाणी शिवारातून किती दिवसांत ओसरेल हे ओढे मोकळे आहेत की नाहीत यावर ठरते.

मग ओढ्यावर लक्ष कोणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ओढे-नाले शासनाच्या मालकीचे. सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला दिलेला. शहराभोवतीच्या ४२ गावांतील बांधकामाच्या नियोजनासाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या हद्दवाढीच्या प्रस्तावांत उचगावचे नाव अनेकदा आले आहे. मालक एक, अतिक्रमण काढणारा दुसरा, बांधकामाचे नियोजन करणारा तिसरा आणि उद्या कदाचित महापालिका, अशी स्थिती असली की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. हद्दवाढ व्हावी की नाही हा वेगळा वाद आहे. ती झाली किंवा न झाली तरी ओढ्याची आजची रुंदी, खोली आणि वाट कोणीतरी कागदावर नोंदवून ठेवली पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी 'येथे ओढा होता' हे सिद्ध करायला केवळ म्हाताऱ्यांची आठवण उरेल.

गावाने मोजले तेव्हा

गावकऱ्यांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस कमी असेल तर त्याप्रमाणे पिके ठरवते. शेतीसाठी विंधनविहिरींना तेथे बंदी आहे आणि उसासारख्या पिकांनाही मज्जाव आहे. तेथे बंधारे आहेतच, पण पाणी वापरण्यावरही गावाची नजर आहे, आणि हा भाग बहुतेक सरकारी योजनांत गळतो. दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील. तेथे २००३ नंतरच्या काही वर्षांत सात जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी आपल्या विहिरींची पातळी दर पंधरवड्याला स्वतः मोजली आणि रब्बीच्या तोंडावर एकत्र बसून पेरणीचा विचार केला. मोजणारे शेतकरी फार शिकलेले नव्हते. त्यांच्या हाती साधने होती आणि निकालावर त्यांचाच संसार होता.

मागणीची बाजू किती महत्त्वाची आहे, याचे एक छोटे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. एका माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरले तर वर्षाला सुमारे २० घनमीटर लागतात. पाटाच्या पाण्यावरील उसाला हंगामात २,००० मिलिमीटर पाणी धरले, तर १ हेक्टरला २०,००० घनमीटर. म्हणजे १ हेक्टर उसाचे पाणी हजार माणसांच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके आहे. ठिबकने यात मोठी बचत होते. गावच्या ताळेबंदात एक नवा बंधारा घालावा की काही हेक्टर उसाची पाणी देण्याची पद्धत बदलावी, हा प्रश्न मग आपोआप समोर येतो.

शाळा काय करू शकेल?

केंद्राच्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतींना पर्जन्यमापक आणि निरीक्षणाची साधने देण्याची तरतूद होती. महाराष्ट्रातील १३ जिल्हे तीत घेतले गेले, पण कोल्हापूर त्यांत नव्हते. तेव्हा उचगावसारख्या गावातील शाळेने वाट पाहत बसू नये. पुढील चार नोंदी अल्प खर्चात होतात.

१) पाऊस. सपाट तळाचे, उभ्या भिंतींचे भांडे मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजावे.

२) विहिरीची पातळी. भूजल यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, तेच महिने आपण ठेवावेत. काही विहिरी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूच्या आणि काही दूरच्या निवडाव्यात, म्हणजे तुलना शक्य होते. उपसा चालू असताना मोजू नये. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी १ मीटर चढले तर सुमारे २८,००० लिटर पाणी वाढले, हे मुलांना काढता येईल. काठाशी मोजण्याचे काम मात्र शिक्षकांनी किंवा पालकांनीच करावे, मुलांनी नोंद ठेवावी.

३) ओढ्याची वाट. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, ठरलेल्या दहा ठिकाणी ओढ्याची रुंदी व खोली टेपने मोजून नकाशावर लिहावी.

४) बंधाऱ्याचा दिनक्रम. बरगे बसवल्याची तारीख, पाणी काठोकाठ होते तो दिवस आणि बंधारा कोरडा पडला तो दिवस.

पहिल्या वर्षी या नोंदींवरून काहीही सिद्ध होणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. पाच वर्षांनी, सारख्या पावसाची दोन वर्षे शेजारी ठेवता येतील तेव्हा त्यांना किंमत येईल. मुलांना कोणाच्या भ्रष्टाचाराचे तपासनीस बनवण्याचाही हा उद्योग नव्हे. शाळेने आकडे द्यावेत आणि त्यांवर निर्णय ग्रामसभेने घ्यावा, ही मर्यादा पाळली तर शाळा आणि गाव दोघांचाही मान राहतो.

ग्रामसभेला तिचे हत्यार द्या

जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू झाला. नव्या योजनेला नवे नाव, नवा फलक आणि नवे उद्दिष्ट मिळते, मोजपट्टी मात्र जुनीच राहण्याचा धोका असतो. ती बदलायची तर मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कामाच्या खर्चातला छोटा हिस्सा पुढील पाच वर्षांच्या नोंदीसाठी आणि दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे राखून ठेवावा. पूर्णत्वाचा दाखला दोन हप्त्यांत द्यावा, पहिला बांधकामाचा आणि दुसरा किमान दोन पावसाळ्यांनंतर पाण्याचा. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता, तसा तो जलसंधारणाच्या प्रत्येक कामाला लावावा. आणि नदीकाठच्या तालुक्यांसाठी हिशेबात निचऱ्याचा व मोकळ्या ओढ्याचा रकाना घालावा.

यातील शेवटच्या मागणीसाठी मुंबईचीही परवानगी लागत नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावातील ओढ्यांची मोजलेली रुंदी वाचून दाखवावी आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी, एवढा एक ठराव कोणतेही गाव करू शकते. टेप शाळेत आहेच.